उलट्या पाट्या

सहा वर्षांपूर्वी लेकीला घेऊन गेलेला माणूस दुकानाची पायरी चढून आत आला, तेव्हा काटेवालीने त्याला पहिल्या नजरेत ओळखलं. त्याने तिला ओळखलं नाही. त्यात नवल नव्हतं. इतक्या दारांत उभा राहिलेला माणूस किती आया लक्षात ठेवणार?

"मोठा काटा दुरुस्त करता ना, बाई?" तो म्हणाला. "माणूस तोलायचा. दांडी एका अंगाला ओढतेय."

"कुठे आहे?"

"गडावर."

तिने हातातली कानस खाली ठेवली. दोन्ही हात फडक्याला पुसले.

"गडावर बाहेरची माणसं नेतात?"

"डोळे बांधून नेतात."

"डोळे बांधून काटा दुरुस्त होत नाही."

"वर गेल्यावर सोडतो की!" तो हसला, आणि हसता हसता खोकला लागून दाराची चौकट धरून उभा राहिला. सहा वर्षांपूर्वी हा माणूस दारात उभा राहिला, तेव्हा दुकानात अंधार झाला होता. आता त्याच्या दोन्ही बाजूंनी उजेड येत होता. कमरेच्या पट्ट्याला पाच नवी भोकं पाडलेली होती.

"येते," काटेवाली म्हणाली.

काय करायचं ते ठरलं नव्हतं. करायचं, एवढं मात्र सहा वर्षांपूर्वीच ठरलं होतं.

शहराच्या उत्तरेला दरी होती आणि दरीतून ओरबाडे वर चढत. ते कसे दिसतात हे शहरात कुणालाच माहीत नव्हतं, कारण त्यांचा श्वास अंगावर आला की माणसाचे हातपाय लुळे पडत आणि मग सांगायला कुणी उरत नसे. कड्यावर गड होता, गडावर राखणदार होते. ते काळा पेला पीत, मग तो श्वास त्यांना बाधत नसे. दोराला लटकून ते कड्यावरच ओरबाड्यांना गाठत आणि खाली ढकलत. राखणदार नसते तर शहर कधीच ओस पडलं असतं. हे काटेवालीलाही मान्य होतं. तिचं भांडण त्याच्याशी नव्हतंच.

भांडण होतं ते माणसं वेचायच्या रीतीशी. वेचणारा गल्लीत येई आणि एका दाराकडे बोट दाखवी. दाराला कडी नाही, हातात बेडी नाही, कुणाला शिवीदेखील नाही. फक्त त्या गल्लीच्या हौदाचं पाणी बंद होई. पुढचं सगळं काम शेजारीपाजारी करत.

काटेवालीच्या लेकीला सगळे पीस म्हणत. एकोणीस वर्षांची, काडीसारखी, कौलं बदलायला छपरावर चढली तर खाली पाऊल वाजायचं नाही. दर वाढदिवसाला आई तिला दुकानात पडून असलेल्या जुन्या धान्याच्या काट्यावर उभी करायची आणि म्हणायची, "पिसाला तोलायला काटा कशाला, फुंकर पुरे." शेवटचं वजन चव्वेचाळीस शेर. वेचणाऱ्याने तिला छपरावरून उतरताना पाहिलं आणि म्हणाला, "हीच हवी. हिच्या पायात वारा आहे."

पहिल्या दिवशी गल्लीने येऊन सांत्वन केलं. दुसऱ्या दिवशी गल्ली गप्प बसली. तिसऱ्या दिवशी समोरची बाई दारात येऊन म्हणाली, "तुमच्या एकीपायी आम्ही साठ घरांनी तहानेनं मरायचं का?" चौथ्या दिवशी शेजारच्या तान्ह्या बाळाचं रडणं थांबलं, तसे पिसाने जोडे घातले. "आई," ती म्हणाली, "पाणी सुटलं की आधी त्याच्या घरी पोचव." बाळ वाचलं. आता सहा-सात वर्षांचं झालंय, दुकानासमोर गोट्या खेळतं. काटेवाली त्याच्याकडे बघत नाही.

गडावरून दरवर्षी चिठ्ठी येई: बरी आहे. पहिल्याच वर्षी काटेवालीने चिठ्ठी आणणाऱ्याबरोबर उलट निरोप पाठवला, "लहानपणी भट्टीवर कुठला हात भाजला होता, तेवढं लिहून पाठव." उत्तर आलं: बरी आहे.

प्रश्न असा विचारावा की खोट्याला उत्तर देता येऊ नये, हे तिला धंद्यानेच शिकवलं होतं. दुसरा प्रश्न तिने विचारला नाही. सोनारांचे नाजूक काटे बनवणं तिने सोडून दिलं आणि मोठे काटे बनवायला शिकली, धान्याचे, जनावरांचे, माणसांचे. शहरात मोठ्या काट्याचं नाव निघालं की तिचंच निघावं, एवढ्यासाठी. त्यात पाच वर्षं गेली.

गडावरचा काटा दोरांच्या खोलीत होता. लांबट खोली, एका भिंतीला दोरांची वेटोळी, दुसऱ्या भिंतीला खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर तळहाताएवढी लाकडी पाटी. दोरवाला लठ्ठ आणि बोलका होता. तिने दांडी उतरवून तिची धार तपासली, तोवर त्याने निम्मा गड सांगून टाकला.

"कड्यावर सोडायचं माणूस. दोराच्या दुसऱ्या टोकाला त्याच्याच वजनाचा दगड लावतो आम्ही, म्हणजे वर यायला, खाली जायला हलकं जातं. म्हणून हा काटा. पोर आली की तोलायची, वजन पाटीवर कोरायचं, पाटी खुंटीला. काटा चुकला तर दगड चुकला, दगड चुकला तर..." त्याने हाताने खाली पडायची खूण केली.

"आणि या पाट्या उलट्या का टांगल्यात?"

दोरवाल्याचा आवाज उतरला. "पेल्याने ज्यांना नाकारलं त्यांच्या. तोंड भिंतीकडे करून टांगायच्या आणि पुन्हा कधी उलटायच्या नाहीत. कुणाचं अपयश वाचू नये म्हणून. मान आहे तो, बाई."

"नाकारलं म्हणजे मेले."

"पेला भित्र्याला ओळखतो म्हणतात."

"तुम्ही पाहिलंय?"

"छे! मला पेल्याच्या खोलीत जायची बंदी, पेलेवाल्या आजीला या खोलीत यायची बंदी. वेचणारा सगळीकडे जातो, पण त्याला लिहिणं-वाचणं वर्ज्य. कुणा एकाला सगळं कळता कामा नये, अशी रीत. माझ्या तोंडाला तर कुलूपच नाही, म्हणून मला दोरांत गुंतवून ठेवलंय."

"पेला सगळ्यांना सारखाच?"

"सारखाच. एकच पेला, काठोकाठ. गडावर कुणी लहान नाही, कुणी मोठा नाही."

दुपारी तो जेवायला गेला. काटेवालीने दार लोटलं आणि पहिली उलटी पाटी सुलट केली. एकावन्न. दुसरी, सत्तेचाळीस. तिसरी, पंचावन्न. ती लेकीला शोधत होती, पण नवव्या पाटीपाशी तिचा हात आपोआप मंदावला. काहीतरी जुळत होतं. मग तिने घाई केली नाही. उलट्या सव्वीस पाट्या एकेक करून वाचल्या. पंचवीस साठाच्या आतल्या. एक त्रेसष्टची निघाली. तीही तिने मोजली, न जुळणारं वजन खिशात घालायची तिला सवय नव्हती. सुलट्या पाट्या एकतीस होत्या. त्यात दोन साठाच्या आतल्या, सत्तावन्न आणि अठ्ठावन्न. बाकी सगळ्या सत्तर, पंचाहत्तर, ऐंशीच्या.

पेला भित्र्याला ओळखत नव्हता. पेला हलक्याला ओळखत होता. बैलाला आणि वासराला औषध एकाच मापाने पाजू नये, हे गोठ्यातल्या गड्यालाही कळतं. इथे मात्र ज्याला वजन माहीत होतं त्याला पेला माहीत नव्हता, जिला पेला माहीत होता तिला वजन माहीत नव्हतं, आणि दोन्ही जिथे भेटले असते त्या पाट्यांची तोंडं मान म्हणून भिंतीला लावली होती. आणि वेचणारा? तो मुद्दाम हलकी, चपळ पोरं वेचत होता. कड्यावर चढायला बरी म्हणून.

एकोणिसाव्या पाटीवर चव्वेचाळीस होतं. पाटीच्या कोपऱ्यात कुणीतरी नखाने बारीकसं पीस कोरलं होतं. आईने ती छातीशी धरली नाही. धरली असती तर कोसळली असती. तिने ती पुन्हा उलटी टांगली, बाकीच्याही टांगल्या, आणि दांडी काट्यावर चढवली.

तिसऱ्या प्रहरी वेचणारा बघायला आला. "झालं का काम?"

"तपासायला भार हवा. उभे राहता का जरा?"

तो पारड्यात उभा राहिला. तिने समोर वजनं चढवली. दहा, वीस, चाळीस, पन्नास. दोन आणखी. दांडी स्थिर झाली.

बावन्न.

त्याची स्वतःची पाटी दोरवाल्याने तिला आधीच दाखवली होती, पहिल्या खुंटीवर, तीस वर्षांपूर्वीची: एक्क्याऐंशी.

"किती भरलो?" त्याने विचारलं.

"काटा बरोबर चाललाय," ती म्हणाली आणि वजनं उतरवली.

"परवा सकाळी आम्हा जुन्यांनाही पेला घ्यायचाय," तो पट्टा आवळत म्हणाला. "दरवर्षी एकदा, नाहीतर अंगातला गुण उतरतो. यंदा हिवाळाभर खोकल्याने खाल्लंय मला. पण पेला घेतला की बरं वाटेल."

"वाटेल," काटेवाली म्हणाली.

आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं. सुरी नको, विष नको. परवाच्या सकाळपर्यंत तोंड मिटून बसायचं, बस्स. त्याचाच पेला, त्याचाच नियम, त्याच्याच हाताने. सहा वर्षांत पहिल्यांदा तिला भूक लागली. दोरवाल्याने आणून दिलेलं जेवण तिने ताटभर खाल्लं.

ताट धुवायला ती बाहेर आली, तेव्हा हौदापाशी एक मुलगी बसली होती. विणकराची पोर, त्याच सकाळी आणलेली. बोटांना अजून निळा रंग होता.

"काकू, तुम्ही बाहेरच्या ना? आमच्या गल्लीत पाणी सुटलं का हो?"

"सुटलं असेल."

"पेला कडू असतो का?"

"मला काय माहीत, बाई."

"वेचणारे काका म्हणाले, भीती वाटली की मरतो माणूस. म्हणून मी भीती न वाटायचा सराव करतेय." ती ओशाळून हसली. "येत नाहीये. तुमच्याकडे काही युक्ती आहे?"

काटेवाली ताट उचलून आत आली. पाठोपाठ दोरवाल्याने मुलीला आणून काट्यावर उभं केलं. काटेवालीनेच वजनं लावली. त्रेचाळीस. दोरवाल्याने कोरणी घेतली, पाटीवरचा लाकडाचा भुसा फुंकला, आणि नवी पाटी खुंटीवर सुलटी टांगली. सुलटी, अजून दोन दिवस.

आता तोंड मिटून बसलं, तर दोघं मरणार होते. तोंड उघडलं, तर दोघं वाचणार होते. मुलीला वाचवायचं तर वजन आणि पेल्याचं नातं सांगावं लागणार, आणि एकदा सांगितलं की वेचणाऱ्यालाही ते लागू होणार. तो खरं वजन विचारील, खरा पेला पिईल, खोकत खोकत आणखी दहा वर्षं जगेल आणि गल्ल्यागल्ल्यांचं पाणी बंद करत फिरेल. पुढचा पूर्ण दिवस ती धार लावलेल्या दांडीलाच पुन्हा पुन्हा धार लावत बसली. दोरवाला दोनदा म्हणाला, "बाई, काटा आहे तो, वस्तरा नाही."

एक मुलगी, जिला ती ओळखतही नव्हती. पिसाच्या वेळी साठ घरांपैकी एकाने तरी तोंड उघडलं होतं का? नव्हतं. समोरची बाई वाईट नव्हती. तिला तहान लागली होती, एवढंच. काटेवालीलाही तहान लागली होती, सहा वर्षांची. आणि ती चौथ्या दिवशीच्या गल्लीसारखी बसून होती, पोर कधी जोडे घालते याची वाट बघत.

हे लक्षात आलं तेव्हा तिने कानस फेकली.

पेल्याच्या सकाळी दोरवाला खोलीत शिरला आणि ओरडलाच. "बाई! हे काय केलंत? घात केलात!" भिंतीवरच्या सव्वीसच्या सव्वीस पाट्या सुलट्या टांगलेल्या होत्या.

"पेलेवाल्या आजींना बोलवा."

"तिला इथे यायची बंदी आहे!"

"मग तुम्ही ओरडत राहा. आपसूक येतील."

तेच झालं. आरडाओरडा ऐकून पेलेवाली आजी काठी टेकत उंबऱ्यापर्यंत आली आणि अडखळली. मागून वेचणारा आला. काटेवालीने सांगायला सुरुवात केली, पाटीमागून पाटी, आवाज न चढवता.

"योगायोग," वेचणारा म्हणाला. "भित्री होती, म्हणून गेली. डोळ्यांत दिसायची त्यांच्या भीती."

"सव्वीस भित्रे, आणि त्यातले पंचवीस साठाच्या आतले? भीती काय वजन बघून येते?"

"बाहेरच्या बाईने आम्हाला शिकवायचं?"

"गप रे," आजी म्हणाली. ती उंबरा ओलांडून आत आली होती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. पाट्यांच्या अगदी जवळ जाऊन, डोळे बारीक करून ती आकडे बघत होती. "लहानखुरी आधी जायची. मला दिसायचं. वाटायचं, म्हातारीच्या मनाचे खेळ असतील. वजन विचारायचं कुणाला? विचारायची बंदी." तिने काठी दुसऱ्या हातात घेतली. "काटेवाले, पेल्यावर खुणा करून देशील?"

"देते. ऐंशी शेराला एक पेला धरा. त्या हिशोबाने प्रत्येकाला."

"काटा अंगणात काढा," आजी म्हणाली. "वजन झाल्याशिवाय आज कुणाच्या ओठाला पेला लागणार नाही. काटेवाली सांगेल ते माप. इथे माझं चालतं."

पेलेवालीचा शब्द पेल्यापुरता शेवटचा होता, त्यामुळे वेचणारा बाजूला झाला. पण तो काटेवालीकडे बघत होता, आता पहिल्यांदाच नीट.

विणकराची पोर पहिली. त्रेचाळीस, अर्ध्याहून जरासा वर. ती प्यायली, भिंतीला टेकून बसली, तिला ओकारी आली, अंग तापलं, दात वाजू लागले. अंगण श्वास रोखून बसलं. उन्हं पायरीवर आली तेव्हा तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "कडूच आहे."

दोरवाला रडला. त्याला लपवता येत नसे.

मग जुने. अठ्ठ्याहत्तर, पंच्याऐंशी, सत्तर. काटेवाली वजन पुकारी, आजी माप ओती. शेवटी वेचणारा पारड्यात चढला. वजनांचं पारडं काटेवालीच्या पाठीआड होतं. तिला आणि त्याला सोडून ते कुणाला दिसत नव्हतं. तिने वजनं चढवली. पन्नास आणि दोन. दांडी स्थिर झाली.

तो वाकून हळूच म्हणाला, "कोण गं तू?"

"चव्वेचाळीस शेर होती. तुम्ही म्हणालात, हिच्या पायात वारा आहे."

त्याच्या चेहऱ्यावरून बरीच दारं गेली. मग एकापाशी तो थांबला. "छपरावरची."

"दरवर्षी बरी असायची."

"शहर जगलं ना पण," तो म्हणाला. "तुम्ही सगळे जगलात. मी वेचलं नसतं तर..."

"वेचल्याबद्दल नाही. कधी पाटी उलटून बघितली नाहीत, त्याबद्दल."

"किती, काटेवाले?" आजीने विचारलं.

वीस वर्षांच्या धंद्यात काटेवालीने रतीभर वजन खोटं सांगितलं नव्हतं. गिऱ्हाइकाला नाही, दलालाला नाही, गरजेच्या दिवसांतही नाही. तिने पहिल्या खुंटीवरून आणलेली त्याची पाटी उचलली.

"एक्क्याऐंशी," ती म्हणाली.

आजीने पेला काठोकाठ भरला.

वेचणाऱ्याला वाचता येत नव्हतं, पण पन्नासाचा गोळा आणि वर ठेवलेलं दोनाचं वजन कुणालाही ओळखू आलं असतं. त्याने ते पाहिलं. पट्ट्याच्या पाच भोकांवर त्याचा अंगठा फिरला. दोनच शब्द बोलायचे होते: पुन्हा तोला. अंगणभर तीच माणसं बसली होती ज्यांना तो तीस वर्षं सांगत आला होता, की पेल्यासमोर जो कुरकुरतो तो भित्रा. विणकराची पोर भिंतीशी बसून त्याच्याकडे बघत होती.

"नक्की?" त्याने फक्त एवढंच विचारलं.

"गडावर कुणी लहान नाही, कुणी मोठा नाही," काटेवाली म्हणाली.

त्याने पेला घेतला. एका दमात प्यायला, जसा तीस वर्षं पीत आला होता. दुपारपर्यंत तो गेला. सोपं नव्हतं ते. काटेवाली शेवटपर्यंत तिथे बसून राहिली, कारण पिसापाशी तेव्हा कुणी ओळखीचं बसलं नव्हतं आणि ते कसं असतं ते तिला बघायचं होतं. बघून झाल्यावर बरं वाटेल असं तिने धरलं होतं. वाटलं, पण पोटभर नाही.

"खोकल्याने पोखरला होता," दोरवाला म्हणाला. "वजनाने झेपलं असतं, पण अंगात दम नव्हता." त्याने सवयीने त्याची पाटी उलटी टांगायला घेतली.

"द्या इकडे," काटेवाली म्हणाली.

तिने कोरणी घेतली. एक्क्याऐंशीवर सरळ रेघ मारली आणि खाली, स्वच्छ, खोल अक्षरांत बावन्न कोरलं. आजची तारीख घातली. पाटी सुलटी करून पहिल्या खुंटीवर टांगली, पिसाची पाटी तिच्या शेजारी.

दोरवाला वाचत राहिला. सकाळी पुकारलेला आकडा त्याच्या कानात होता. त्याने खोलीचं दार लोटून घेतलं.

"बाई, हे कुणी वाचलं तर?"

"वाचायलाच टांगलंय," ती म्हणाली आणि हत्यारं पेटीत भरू लागली.